मेलेला बेल्ट पिशवीत घालून आणा

वर्कशॉपच्या पायरीवरून : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत 21 वर्षं मेंटेनन्स फिटर होते. आता चिपळुणात बेअरिंग आणि बेल्टचं दुकान चालवतात.)

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की दातेरी बेल्ट, म्हणजे आपला टायमिंग बेल्ट, तुटला तर फेकू नका, मला दाखवा. लोकांनी ते फारच मनावर घेतलं. पंधरा दिवसांत दुकानात सात पाकिटं आली. त्यातलं एक सुक्या बांगड्याच्या पिशवीतून आलं, त्यामुळे शेजारच्या सायकलवाल्याचं मांजर दोन दिवस काउंटरखालून हललं नाही. जमतील तेवढ्यांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाचं काजूचं छोटं युनिट आहे. पाऊच भरायच्या मशीनचा मेन ड्राइव्हचा बेल्ट पाच महिन्यांत तिसऱ्यांदा तुटला. मशीनवाला म्हणतो, बेल्टच हलका आहे, माझ्याकडचा महागातला घ्या. तुकडे पाठवते आहे.
– एक ताई, वेंगुर्ले

ताई, तुकडे मिळाले. रविवारी दुपारी पायरीवर उन्हात बसून निवांत पाहिले. दात सगळे जागच्या जागी. दातांवरचं नायलॉनचं कापड इतकं नवं की त्याची वीण मोजता येते. पाठीवर भेग नाही, कडा शाबूत. आणि तुटला आहे तो दोन दातांमधल्या खाचेत, विळीवर चिरल्यासारखा सरळ. आतले दोर भिंगाखाली धरले तर सगळे एका ओळीत संपलेले, एकही लांब-आखूड नाही.

हलका बेल्ट असा तुटत नाही. त्याचे दात आधी जातात. मशीन अचानक अडकून झटका बसला असता तर दोर जुन्या खराट्यासारखे लांब-आखूड झाले असते. इतका सरळ तुटलेला बेल्ट बहुधा मशीनवर चढायच्या आधीच आतून मोडलेला असतो. रबराच्या पोटात काचेच्या तंतूंचे दोर असतात. ओढीला भलते चिवट, पण दुमडलं की शेवटी काच ती काच. बेल्टला एकदा घडी पडली की आत दोर तडकतात. वरून रबर पुन्हा सरळ होतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. मशीन चालू झाल्यावर काही दिवसांनी तो नेमका त्याच घडीवर जातो.

म्हणून तर मी फोनवर विचारलं, जादाचे बेल्ट ठेवता कुठे? तुम्ही म्हणालात, "पिठाच्या डब्यामागे, रबरबँड लावून. जागा खात नाहीत." तिथेच घोटाळा झाला. चारही बेल्ट एकदम आणलेले आणि एकाच रबरबँडखाली आवळलेले. चौथा अजून तिथे असेल तर तो लावू नका. आणि मशीनवाल्याचा महागातला आणलात, पण डब्यामागेच ठेवलात, तर तोही तसाच जाईल.

दुसरं बघा, बेल्ट चढवतात कसा. स्क्रूड्रायव्हर घालून पुलीच्या कडेवरून उचकटून चढवत असतील तर त्या पोराचा हात धरा. मोटरचे बोल्ट सैल करायचे, मोटर पुढे घ्यायची, बेल्ट हाताने अलगद बसवायचा, मग मोटर मागे. पाच मिनिटं जास्त लागतात.

ठेवायचा तो आडवा, गोल पसरून, फळीवर. खिळ्याला नाही. उन्हात नाही, वेल्डिंग चालतं तिथे नाही आणि ओलीत तर अजिबात नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी माझ्या दुकानात शिरली तेव्हा खालचे तीन कप्पे चिखलपाण्यात होते. पाणी उतरल्यावर लोक म्हणाले, धुऊन वाळवून निम्म्या किमतीत काढा. पण बेल्टच्या कडेला दोरांची टोकं उघडी असतात, तिथून पाणी आत जातं, आणि काचतंतूला ओल सोसत नाही. ते बेल्ट मी स्वतः कापले, म्हणजे कुणाला विकायचा मोह नको. दाभोळकडच्या एका खलाशाने ते नेऊन होडीच्या कडेला ठोकले. धक्क्याला लागताना लाकूड घासत नाही म्हणाला.

प्रश्न : मासळीच्या युनिटमध्ये कन्व्हेयर आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तेही बंद. दर वर्षी ऑगस्टमध्ये चालू केले की पंधरा-वीस दिवसांत एकेका कन्व्हेयरचे दोन-दोन बेल्ट दात सोडतात. नंतर मात्र वर्षभर त्रास नाही. असं का?
– एक सुपरवायझर, मिरकरवाडा, रत्नागिरी

पंचांग बघितल्यासारखा नेमाने बिघडणारा बेल्ट मी आजवर पाहिला नव्हता, म्हणून रेल्वेने स्वतःच आलो. तुमच्या फिटरला आठवत असेल, मी आधी बेल्टला हात लावला नाही. गार्ड काढला आणि खाली वाकून लहान पुलीखालचा पत्रा बघितला. तिथे तांबडी भुकटी होती.

फिटर म्हणाला, "ती जांभ्याची धूळ, बाहेर रस्त्याचं काम चालू आहे." शंका रास्तच, आपल्याकडे तांबडं म्हटलं की आधी जांभाच आठवतो. पण रस्त्याची धूळ सगळीकडे बसते, मोटरच्या पंख्याच्या जाळीवर आधी बसते. जाळी स्वच्छ होती. भुकटी होती ती फक्त पुलीच्या खाली, बेल्टच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात. तो गंज. मग पुलीच्या खाचेतून नख फिरवलं, तर मुशीच्या कातडीसारखी खरखरीत.

तुमची पुली साध्या लोखंडाची. रोज खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, आणि मग दोन महिने पावसाळी दमटात बसून राहायचं. खाचाखाचांत गंज चढतो. ऑगस्टमध्ये त्यावर नवा बेल्ट चढतो आणि मिनिटाला शेकडो वेळा त्या कानशीवरून जातो. आधी दातांवरचं कापड जातं. कापड गेलं की उघडं रबर खरवडतं, दाताची ओढ घेणारी बाजू पोखरून दात आकड्यासारखा होतो, मुळाशी तडा जातो, आणि एक दिवस सलग सहा-सात दात ओळीने निघून येतात. तुम्ही दिलेल्या दोन तुकड्यांवर हे सगळे टप्पे आहेत. एकावर कापड विरलेलं, दुसऱ्यावर दात गेलेले.

आणि पुढे वर्षभर त्रास का नाही? कारण त्या पहिल्या दोन बेल्टांनी पुली घासून गुळगुळीत केलेली असते. तुम्ही दर ऑगस्टला बेल्टच्या किमतीत पॉलिशपेपर विकत घेताय. पण दर वर्षी खाच थोडी थोडी रुंद होत जाते. नव्या बेल्टचा तुकडा हाताने पुलीवर बसवा आणि मागून बॅटरी धरा. दात आणि खाच यांमधून उजेड दिसला, किंवा कुठे जास्त कुठे कमी असा दिसला, तर पुलीचा आकार गेला. अशा पुलीवर नवा बेल्ट चढवू नका. तुमच्या तीन नंबरच्या कन्व्हेयरची लहान पुली तशीच आहे, ती बदला. बदलताना स्टेनलेस किंवा निकेल चढवलेली घ्या. साधी ॲल्युमिनियमची स्वस्त मिळेल, पण तिच्यावर कडक ॲनोडायझिंग नसेल तर वाळूचे कण तिला खातात.

बंदीत काय करायचं? बेल्ट काढून आत कोरड्या खोलीत ठेवा. पुली गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, गंजरोधक तेल लावा. ऑगस्टमध्ये ते तेल सॉल्व्हंटने पूर्ण पुसून काढा. पूर्ण म्हणजे खाचेत चिंधी घालून. तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग दात गंजाने नव्हे तर तेलाने जातील.

अजून एक गोष्ट दिसली ती तुमच्या फिटरसमोर बोललो नाही, पण इथे लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. बेल्ट फार ताणलेले आहेत. तुकडा उलटा धरून दोन दातांमधली सपाट खाच बघा. तिथे चकाकी आहे आणि एके ठिकाणी आतला दोर डोकावतो आहे. माझा साधा हिशेब असा : बेल्ट ढिला असेल तर दात झिजतो, ताठ असेल तर खाच झिजते. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, कारण दात गंजाने जातो आहे आणि खाच तुमच्या पान्याने.

लोट्याला नवीन असताना मला व्ही-बेल्टची सवय होती. व्ही-बेल्ट ओढ धरतो घर्षणावर, त्यामुळे कमी ताणला तर घसरतो, म्हणून हात आपोआप जास्त आवळतो. एका ब्लोअरवर पहिल्यांदा टायमिंग बेल्ट आला, तोही मी तसाच आवळला, तंबोऱ्यासारखा. तीन आठवड्यांत मोटरचं पुढचं बेअरिंग गेलं. इंजिनिअरसाहेबांनी बेअरिंग मला घरी न्यायला सांगितलं. अजून काउंटरवर आहे, पेपरवेट म्हणून.

दातेरी बेल्टला एवढी ओढ लागतच नाही. अंगठ्याच्या अंदाजावर जाऊ नका. दोन पुलींमधला बेल्टचा मोकळा भाग मोजा, त्याला 64 ने भागा. 640 मिलीमीटर असेल तर 10 मिलीमीटर. मध्यावर हुकाचा वजनकाटा लावून बेल्ट तेवढा ओढा आणि काटा किती दाखवतो ते बेल्टच्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. मासळी तोलायचा काटा तुमच्याकडे आहेच. माझ्या भाच्याने फोनमध्ये गिटार जुळवायचं ॲप घालून दिलंय. बेल्टला टिचकी मारली की हर्ट्झमध्ये आकडा येतो. मी आधी हसलो, आता वापरतो. एक लक्षात ठेवा, आकडा निम्मा झाला तर ताण निम्मा नव्हे, पाव झालेला असतो.

प्रश्न : लाकडावर नावाच्या पाट्या आणि नक्षी कोरायला छोटं सीएनसी राउटर घेतलं. गोल कोरला की गोल येत नाही. बेल्ट ताणून बघितला, सॉफ्टवेअरमधले आकडे बदलले. नवीन बेल्ट घेऊ का?
– एक तरुण वाचक, सावंतवाडी

आधी ते आकडे जसे होते तसे करा. मग एक मोठा गोल कोरा आणि तो कुठे बिघडलाय ते सांगा, "गोल येत नाही" एवढ्याने भागत नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी थोडा चपटा असेल तर त्या ठिकाणी एकेक अक्ष दिशा बदलतो, म्हणजे कुठेतरी ढिलाई आहे. सगळा गोल एका बाजूला लांबट असेल तर तो तुमच्या आकड्यांचा प्रताप. तिरका लांबट असेल तर दोन अक्ष गुनियात नाहीत. या शेवटच्या दोन्हींत बेल्टचा काही दोष नाही.

ढिलाई निघाली तरी बेल्टवर लगेच खापर फोडू नका. मोटरच्या शाफ्टवर आणि पुलीवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा. एक पाटी कोरा. रेघ तुटून दोन झाल्या तर पुलीचा ग्रबस्क्रू, म्हणजे तिला शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू, सैल आहे. माझ्याकडे "बेल्ट खराब" म्हणून येणाऱ्या छोट्या मशीनांत हेच पुष्कळदा निघतं. स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर बसवून थ्रेडलॉक लावा.

आणि मधेच सगळी नक्षी सरकते का? सरकली तर किती ते मोजा. तुमचा बेल्ट 3 मिलीमीटर पिचचा आहे, म्हणजे दात ते दात 3 मिलीमीटर. नेमकी 3 किंवा 6 मिलीमीटर सरकली तर बेल्टने दात उडी मारली. आकडा तसा जुळत नसेल तर मोटर स्टेप चुकते आहे, तिकडे बघा.

फोटोत मात्र एक खटकलं. बेल्ट पांढरा पॉलियुरेथेनचा, आत पोलादी दोर, आणि क्लॅम्पपाशी कापलेल्या टोकावर तपकिरी डाग. तो लाकडाचा रंग नव्हे. पावसाळ्यात कापलेल्या टोकातून ओल आत चढते आणि दोर गंजतो. डाग आहे तेवढा भाग कापून टाका, बेल्ट पुरत असेल तर. क्लॅम्पखाली निदान सहा दात पकडलेले हवेत, तुमचे तीनच दिसतात.

प्रश्न : पिठाच्या गिरणीचा दातेरी बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. राळ लावावी की बेल्टचं मेण?
– एक गिरणीवाले, गुहागर

दोन्ही नको. आणि तो टायमिंग बेल्ट नव्हेच. दात आतून आहेत, पण तुमची पुली गुळगुळीत व्ही खाचेची आहे. ते दात नुसते लहान पुलीवर नीट वाकता यावं म्हणून पाडलेले, स्कूटरच्या बेल्टला असतात तसे. खरा टायमिंग बेल्ट घसरत नाही, दात ओलांडून उडी मारतो आणि खट्कन आवाज येतो. तुमचा ताण बघा, पुलीवरचं पीठ पुसा.

प्रश्न : एल मापाचा बेल्ट मिळाला नाही. दुकानदाराने टी-10 दिला, म्हणाला अर्ध्या मिलीमीटरचाच फरक. बसला पण आवाज करतो.
– एक वाचक, कुडाळ

एल म्हणजे इंचाच्या हिशेबातला, दात ते दात 9.525 मिलीमीटर. टी-10 पुरा 10. फरक 0.475 चा, दुकानदार खोटं बोलला नाही. पण पुलीवर एका वेळी आठ दात बसत असतील तर पहिल्यापासून आठव्या दातापर्यंत चूक 3.3 मिलीमीटरवर जाते. पहिला दात खाचेत असताना शेवटचा खाचेच्या कडेवर चढलेला असतो. आजच काढा. बेल्टच्या पाठीवर माप छापलेलं असतं. पुसलं असेल तर सलग दहा पिचचं अंतर मोजून दहाने भागा, एकाच दाताचं माप घेतलं की असा घोळ होतो.

प्रश्न : माझी डिझेल गाडी 9 वर्षांची आहे. वर्षाला जेमतेम 4 हजार किलोमीटर, दापोली ते मुलीकडे चिपळूण. टायमिंग बेल्ट अजून मूळचाच. गॅरेजवाला म्हणतो, किलोमीटर कुठे झालेत? बदलावा का?
– एक निवृत्त शिक्षक, दापोली

गुरुजी, बदला. गाडीच्या पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी वर्षंही लिहिलेली असतात, आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पाठीवर आडव्या बारीक भेगा आहेत का ते कव्हर काढून बघता येईल, पण भेग नाही म्हणून बेल्ट चांगला असं मात्र समजू नका. हल्लीच्या बेल्टांत पुष्कळदा भेग न दिसताच दात जातात. डिझेलमध्ये हा बेल्ट तुटला की पिस्टन येऊन व्हॉल्व्हला धडकतो, आणि मग बेल्टचा खर्च कुणी विचारत नाही, हेडचा विचारतात.

बदलताना बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि बेल्टला वाटेवर ठेवणारं आयडलर बेअरिंग बरोबरच बदला. वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर तोही, नाहीतर वर्षाने त्याच्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागेल. कॅमशाफ्टच्या सीलमधून तेल येतंय का ते बघायला सांगा. आणि कव्हरच्या आत उंदराच्या लेंड्या. दापोलीत गाडी आठ-आठ दिवस उभी राहते म्हणता, म्हणून सांगतो. मी कुरतडलेली कड दोनदा पाहिली आहे.

तुम्ही विचारलंत हा शोध कधीचा. 1940 च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी निघाला. मोटारीच्या इंजिनात कारखान्यातून बसून येऊ लागला तो 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या 1004 या गाडीत. त्याआधी तिथे साखळी किंवा गिअर.

आणि आता ते बांगड्याचं पाकीट. चिठ्ठी नाही, नाव नाही, गावाचा शिक्का पुसलेला. बेल्ट एचटीडी, म्हणजे गोलसर दातांचा, 8 मिलीमीटर पिचचा, एक कड झिजून तिथले दोर मक्याच्या केसांसारखे बाहेर आलेले, दुसरी कड कोरी. नुसती कडच झिजली असती तर म्हटलं असतं, पुल्या पुढेमागे आहेत किंवा फ्लँज, म्हणजे पुलीची उभी कड, वाकलाय. पण दातही त्याच कडेकडे जास्त झिजलेत आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ शाबूत आहेत. म्हणजे दोन शाफ्ट एकमेकांना समांतर नाहीत, सगळी ओढ एका बाजूने जाते आहे. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरा ताणून धरा. तो चारही जागी टेकला पाहिजे. फट राहिली तर दोन पुल्यांच्या अंतरात मीटरला 5 मिलीमीटर ही हद्द, त्यापेक्षा कमीच बरी.

पण कोणता शाफ्ट कुठल्या बाजूला कलला आहे ते मला सांगता येत नाही, कारण झिजलेली कड मोटरकडची की भिंतीकडची हे बेल्टवर लिहिलेलं नाही. म्हणून पाठवणाऱ्याला विनंती : पुढचा बेल्ट काढायच्या आधी, मशीनवर असतानाच, बाहेरच्या कडेला खडूची रेघ मारा आणि पाठीवर फिरण्याच्या दिशेचा बाण काढा. पिशवीच्या तळाशी एक बांगडा राहिला होता. तो मांजराला पोचला.